फर्गसने साफ केलेला वाफा

पहिल्या गोठलेल्या दहिवराने डेलियाची पानं काळी पडली, की न्यूझीलंडच्या दक्षिण टोकावरच्या आमच्या इन्व्हरकार्गिलमध्ये हिवाळ्यासाठी कंद काढून ठेवतात. त्या मे महिन्यातल्या, म्हणजे आमच्याकडे हिवाळ्याच्या तोंडावरच्या, सकाळी मॉर्व्हन मावशी आणि मी कंदांसाठी भुसा आणायला गेलो, आणि परत येतो तर वाफा चकाचक! शेजारच्या फर्गसने सगळे दांडे जमिनीलगत कापून टाकले होते.

"म्हटलं, तुमची कंबर वाचवावी," तो खुशीत म्हणाला. "हा टॅग एका दांड्याला बांधलेला होता. नीट ठेवलाय हं." त्याने आइस्क्रीमचा रिकामा डबा पुढे केला.

मावशी उलट्या बादलीवर मटकन बसली. "अरे शहाण्या, त्या टॅगनेच तर ते झाड ओळखू यायचं!"

वाफ्यात सगळे तांबडे डेलिया, आणि मधल्या ओळीत कुठेतरी मावशीने यंदा बी पेरून वाढवलेलं एकच रोप. त्याला पिवळं, वाइनच्या रंगाची कड असलेलं फूल आलं होतं. तसं फूल आमच्या बागप्रेमींच्या क्लबात कुणीच पाहिलं नव्हतं. तांबड्या डेलियांचे कंद संध्याकाळी क्लबचे लोक वाटून नेणार होते. त्यांत हे गेलं तर गेलंच.

"मावशी, तांबडे सगळे जुन्या कंदांपासून लावलेले ना?" मी विचारलं.

"दरवर्षी तसेच लावते. का गं?"

"मग प्रत्येकाच्या मधोमध लावलेला जुना कंद असणार. बियाच्या रोपाला तो कुठून येईल?"

मावशी ताडकन उठली. "फर्गस, खणायचा काटा आण! आणि कापू नकोस आता काही!"

त्याने मधल्या ओळीतला पहिला गड्डा उचलला. मी माती झटकली. मधोमध सुरकुतलेला, काळपट जुना कंद. दुसऱ्यातही तोच. तिसऱ्यातही. ओळ संपत आली तसा फर्गस काटा अजूनच जपून रोवायला लागला. शेवटून दुसऱ्या गड्ड्यातून बारीक, फिकट कंदांचा झुबका निघाला. मी बोट घालून पाहिलं. सगळे नवे. मधे जुना नाहीच!

"हाच! शोना, हाच गं!" मावशीने मातीसकट माझा मुका घेतला.

फर्गसने घाईने डब्यातला टॅग काढला.

"राहू दे," म्हणत मावशीने पक्क्या शाईचं पेन उघडलं. "आता कंदावरच लिहिते. हे कापून दाखव बघू तू!"