श्वास रोखा

आमचे हे बावीस वर्षं छातीचे एक्स-रे काढतात. "हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास घ्या, रोखा… सोडा." 'रोखा' आणि 'सोडा' यांच्यामध्ये यांना कधी घड्याळ लागलं नाही. घरीसुद्धा बाहेरच्या खोलीत पेपर वाचता वाचता हाक मारायचे, "अगं, दूध!" आणि मी धावत जावं तर दूध नेमकं काठाशी आलेलं. या गोष्टीची त्यांना भारी मिजास होती.

मग मेंदूत छोटीशी गुठळी झाली. आठ दिवसांत बोलणं-चालणं सगळं ठीक झालं. फक्त वेळेचा अंदाज घेणारा भाग दुखावलाय, असं मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. 'फक्त' म्हणे. आता हे दुधासमोर उभे असतात आणि दूध शेगडीवरून खाली वाहत असतं. मी दिवसभर हे काम करतात त्याच एक्स-रे सेंटरच्या काउंटरवर बसून संध्याकाळी घरी आले की विचारतात, "इतक्यात परत आलीस?" मी राबले, काळजी केली, चिडले, यातलं काही त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. मला मेलीला फार एकटं वाटतं. वर यांचं म्हणणं, "मी आहे तोच आहे. तुम्हा सगळ्यांनाच घाई झालीय."

हे कामावर परतले त्याच दिवशी एक म्हातारे गृहस्थ 'सोडा' ऐकायची वाट बघत श्वास रोखून उभे राहिले आणि चक्कर येऊन पडले. सेंटरच्या डॉक्टरीणबाईंनी यांना घरी बसवलं. महिन्याभरानं, म्हणजे काल, एक शेवटची संधी दिली. मशीन बंद, पेशंट खोटा आणि बाईंच्या हातात स्टॉपवॉच. जमलं तर नोकरी राहणार, नाहीतर नाही.

पेशंट मी झाले. म्हटलं, जीव गेला तरी बेहत्तर, यांनी 'सोडा' म्हणायच्या आधी श्वास सोडायचा नाही.

गार प्लेटला छाती टेकवली. काचेमागून ओळखीचा आवाज आला, "श्वास घ्या. रोखा."

मी रोखला. कान तापले. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. बोला ना हो, बोला. शेवटी असह्य झालं आणि मी खोकत खाली बसले.

हे काचेमागून बाहेर आले. चेहऱ्यावर तीच जुनी मिजास.

"अगं, 'रोखा' म्हणून माझं तोंड मिटत नाही तोच सोडलास?" मग बाईंकडे वळून म्हणाले, "हिला घेऊ नका. हिला पहिल्यापासून दम निघत नाही. दुसऱ्या कुणाला उभं करा, मग बघा."

बाईंनी स्टॉपवॉच खिशात टाकलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"माझंच चुकलं," मी म्हणाले.