लेकर-स्टाइल

मित्रांनो, मी एक जुना पितळी मॉड आहे आणि मी अस्सल नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला फसवल्यासारखे वाटायला नको. मॉड म्हणजे व्हेपची नळी. पोटात बॅटरी, डोक्यावर वाफ करणारी टोपी आणि तळाला दाबायची कळ. मोठी माणसे कळ दाबतात, वाफ ओढतात आणि पांढरे ढग सोडतात. तुमच्या वयाच्या मुलांनी मला हातही लावायचा नाही, ओठ तर लांबच राहिले. माझी गोष्ट ऐकायला मात्र हरकत नाही.

माझा जन्म शेन्झेनच्या एका कारखान्यात झाला. तिथून हजारो मैलांवर, अमेरिकेतल्या ईरी गावात, मोठ्या सरोवराच्या काठी कॅस डोम्ब्रोस्की नावाचा एक लेथवाला राहतो. आठवडाभर तो इंजिनांचे भाग कातायचा आणि रविवारी चर्चमधून आला की गॅरेजात बसून पितळी मॉड बनवायचा. त्याच्या मॉडचे नाव होते 'लेकर'. सरोवरातून खनिज वाहून नेणाऱ्या लांबलचक जहाजांना तिकडे लेकर म्हणतात. आमच्या कारखान्याने त्या लेकरची नक्कल करायचे ठरवले. म्हणून मी लेकरचे लेकरू आहे, असा समज कृपा करून घेऊ नका. कॅसने मला पाहिले नव्हते आणि आमच्या कारखान्याने अस्सल लेकर पाहिला नव्हता. त्यांनी पाहिली होती फक्त इंटरनेटवरची छायाचित्रे.

पण हात कसबी होते, हे मान्य करायला हवे. घडण तीच, चकाकी तीच. तळावर 'सी. डोम्ब्रोस्की, ईरी' हे नाव जसेच्या तसे कोरलेले. छायाचित्रात तळाच्या कडेने काळे गोल ठिपके दिसत होते. कारागिराने तेही टोच्याने खोलगट करून, आत काळा रंग भरून हुबेहूब उतरवले. ते कशासाठी आहेत हे त्याला ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. शोभेचे असतील, असे आम्हा दोघांनाही वाटले.

माझ्या भावंडांसह मी खोक्यात बसून ईरीला आलो, तो नेमका पीच स्ट्रीटवरच्या रोंडा टिलरीच्या दुकानात. रोंडा पोरवयापासून सिगारेटी फुंकत आलेली बाई. खोकून खोकून तिच्या बरगड्या दुखायच्या. मग कुणीतरी तिच्या हातात कॅसचा एक अस्सल लेकर ठेवला आणि तिची सिगारेट सुटली. पुढे तिने व्हेपचे दुकानच काढले आणि काचेच्या कपाटात वरच्या फळीवर कॅसचे लेकर मांडले. कॅसने मला जगवले, असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. त्याच कपाटात, खालच्या फळीवर, तिने आम्हाला मांडले.

आमच्यापुढे पाटी लावली होती 'लेकर-स्टाइल'. या धंद्यात नकली हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. स्टाइल म्हणतात. स्टाइल म्हटले की विकणाऱ्याची मान खाली जात नाही आणि घेणाऱ्याचीही. गिऱ्हाईक वर बघायचे, खाली बघायचे, किमती वाचायचे आणि आम्हाला उचलायचे. 'काही फरक कळत नाही बुवा,' असे म्हणायचे. मला ते फार आवडायचे. मी कपाटाच्या कोपऱ्यात नमुना म्हणून उभा होतो, त्यामुळे कौतुक सगळे माझ्याच वाट्याला यायचे. वरच्या फळीवर धूळ साचत गेली. कॅस दुकानात यायचा बंद झाला.

माझे एक भावंड ट्रॉय मेबरीने नेले. ट्रॉय हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ काढणारी गाडी चालवतो. एका सकाळी गाडीतच त्याच्या खिशातली नळी तापली आणि फुटली. मांडी भाजली, चांगलीच भाजली. त्याच्या बायकोने इस्पितळातूनच गावातल्या व्हेपवाल्यांच्या इंटरनेटवरच्या पानावर त्या नळीच्या तळाचे छायाचित्र टाकले. नाव स्वच्छ वाचता येत होते. सी. डोम्ब्रोस्की, ईरी.

मित्रांनो, गावाने एवढेच वाचले. शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासे तळतात, सगळे पंगतीला येतात. तिथे कॅसच्या टेबलावर त्या दिवशी कुणी बसले नाही. ज्या माणसाने आयुष्यभर काटेकोर मापाचे काम केले, त्याचे नाव एका सकाळीत मातीला मिळाले होते.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला.

"कॅस, बस आधी. कॉफी टाकते," रोंडा म्हणाली.

"कॉफीला नाही आलो. तुझं ते स्टाइल दाखव."

तिने मला त्याच्या हातात दिले. त्याने मला उलटे केले, गल्ल्याजवळची टाचणी घेतली आणि माझ्या एका ठिपक्यात खुपसली. टाचणी अडली. त्याने दुसऱ्या ठिपक्यात घातली. तिथेही अडली.

"अगं, ही भोकं नाहीतच. भोकांची चित्रं आहेत."

"म्हणजे रे?"

"बॅटरी बिघडली की आत वायू कोंडतो. त्याला बाहेर जायला वाट लागते, म्हणून मी भोकं पाडतो. यांना वाटलं, मी नक्षी काढतोय."

रोंडा स्टुलावर बसली. "मला नव्हतं रे माहीत."

"विचारायचं होतंस. समुद्रापार राहत नाही मी, मागच्या गल्लीत राहतो."

"विचारलं असतं, तर विकू दिलं असतंस?"

"नाही."

"म्हणून तर नाही विचारलं."

यावर कॅस जवळजवळ हसला. मला मात्र हसू आले नाही. इतकी वर्षे लोकांनी ज्या अंगाचे कौतुक केले, त्याच अंगात एका माणसाची मांडी जाळणारी खोट होती. त्या दिवसापासून मला स्वतःबद्दल फारसे प्रेम उरले नाही.

रोंडाने आतेबहिणीच्या नवऱ्याला फोन केला. तो वकील. एरवी मृत्युपत्रे आणि घटस्फोट करणारा, पण त्याने चार ठिकाणी चौकशी करून उत्तर आणले. कॅसने आपल्या घडणीचे पेटंट घेतले नव्हते, तेव्हा तशी नळी कुणीही बनवावी आणि कुणीही विकावी, त्याला कायद्याची आडकाठी नाही. गुन्हा आहे तो नावाचा. दुसऱ्याचे नाव कोरून विकले तर तो बनावट माल. नाव घासून टाकले की माल विकायला मोकळा.

कॅस तळहाताएवढे घासणयंत्र आणि पिशवीभर पेपरोनी बॉल घेऊन आला. पावाच्या गोळ्यात झणझणीत मांस भरलेला हा खाऊ ईरीत कुठल्याही कामाच्या आधी लागतो. दोघेही खुशीत होते. त्याचे नाव वाचणार होते आणि तिचे दुकान. त्याने सुरुवात माझ्यापासून केली. यंत्र फिरले, पितळेची भुकटी उडाली आणि नावाची पहिली अक्षरे गेली. मग यंत्र थांबले.

"काय झालं?" रोंडाने विचारले.

"नाव गेलं की तू हे विकणार."

"वकील म्हणाला, बिनघोर वीक."

"आणि भोकं?"

"भोकांबद्दल कायद्यात काही नाही."

"मग मी पाडून देतो. ड्रिल गाडीतच आहे. दुपारभराचं काम."

"तेही विचारलं मी. हा ऑगस्टपासून वॉशिंग्टनचा नवा नियम आलाय ना, त्याच्या आधी जो माल बाजारात होता तो सध्या चालतो. पण त्याला भोक पाडलं की माल बदलला. बदलला म्हणजे नवा झाला. आणि मी झाले कारखानदारीण. मग चाचण्या करा, कागद पाठवा, मंजुरीची वाट बघा. तोवर विकायचं नाही."

"म्हणजे भोक नसलेला चालतो आणि भोक असलेला चालत नाही."

"माझ्यावर कशाला डोळे वटारतोस? कायदा काय मी केलाय?"

कॅसने एक पेपरोनी बॉल सावकाश खाल्ला. हात पँटला पुसले.

"आणि नाव असलेला?"

"तो विकला तर मला धरतील. सांगितलं ना."

त्याने यंत्राची वायर काढली आणि ती गुंडाळू लागला.

"मग राहू दे नाव."

"अरे वेड्या, त्याच नावापायी सगळं गाव तुला शिव्या घालतंय."

"घालू दे. नाव आहे तोवर तुला यातला एकही विकता येणार नाही."

"मी तोंडानं सांगते की विकणार नाही. एवढाही विश्वास नाही माझ्यावर?"

"आज आहे. जानेवारीत, दुकानात काळं कुत्रं फिरकत नसताना, नाही."

रोंडाला राग आला होता आणि तो खरे बोलला होता, दोन्ही एकदमच. मग तिने स्वतःच खोके उचलून त्याच्या गाडीत ठेवले. माझी सगळी भावंडे त्या दिवशी भंगाराच्या दाबयंत्राखाली गेली. ती पार चपटी होईपर्यंत कॅस तिथून हलला नाही. मी तेवढा मागे राहिलो, कारण रोंडाने मला खिशात घातले होते. अर्ध्या नावानिशी आता मी गल्ल्याशेजारी पडून असतो. कुणी स्वस्तातली नळी मागितली की ती मला उलटे करते, ठिपक्यात टाचणी खुपसून दाखवते आणि विचारते, 'यात बॅटरी घालून खिशात ठेवशील?'

कॅसने पुढे लेकर बनवणे सोडले, कारण त्या नावाला आता गिऱ्हाईक उरले नव्हते. नवी घडण काढायची तर त्यालाही त्याच चाचण्या आणि तेच कागद. गॅरेजातल्या माणसाला ते झेपणारे नव्हते. आता तो फावल्या वेळात सरोवरावर मासे धरायला जातो. अस्सल आणि नकली, दोघांनाही नियमाने एकाच दारात अडवले.

दुकानात येणारे लोक पुढच्या नियमांची चर्चा करतात. कुणी म्हणतो, वाफेच्या गोड चवी बंद होतील. कुणी म्हणतो, दुकानेच बंद होतील. रोंडा म्हणते, मुलांच्या हातात नळी जाणार नाही असा कुठलाही नियम आणा, मी सही करते. मला मत नाही, पण एक विनंती आहे. नियम लिहिणाऱ्याने लिहिण्यापूर्वी माझ्यासारखी एक नळी हातात घेऊन उलटी करून पाहावी. आणि तुम्ही, मित्रांनो, मोठे झाल्यावर कुठलीही वस्तू घ्याल तेव्हा तिच्यावरचे नाव जरूर वाचा, पण तेवढ्यावर थांबू नका.

आमच्यासारख्या नळ्या इतरही दुकानांतून गेल्या होत्या. त्या अजून लोकांच्या खिशांत आहेत आणि तळावरचे नाव वाचून कुणी ना कुणी कॅसला फोन करून फैलावर घेतो. तो वाद घालत नाही. परवा रोंडाच्या दुकानातच त्याला असा एक फोन आला. पलीकडचा माणूस तावातावाने बोलत होता. कॅसने त्याला पुरते बोलू दिले.

"हो, नाव माझंच आहे," तो म्हणाला. "आधी बॅटरी बाहेर काढ. काढलीस? आता बोल."