अनुभवाच्या रेषेची चढण

मी एक रेषा बोलतेय. कपडे शिवणाऱ्या कारखान्याच्या कागदावरची. माझ्याभोवती एकशे अठ्ठेचाळीस ठिपके आहेत, एकेका कामगाराचा एकेक. ठिपका जितका उजवीकडे, तितका अनुभव जास्त. जितका वर, तितका पगार जास्त. सगळ्यांपासून मिळून कमीत कमी अंतर राहील अशी वाट काढायची, हे माझं काम. एकाचीच बाजू घेऊन मला चालत नाही.

शिक्षणाने आणि अनुभवाने पगार किती वाढतो, हे एका विद्यार्थिनीला शोधायचं होतं. आकडेमोड संगणकाची, पण कागदावर मला पेन्सिलीने तिनेच उतरवलं. शिक्षणाची रेषा, माझी थोरली बहीण, झोकात वर चढली. मी मात्र जन्मले ती आडवीच. शिक्षण सारखं असेल, तर वीस वर्षं राबलेल्याला आणि दोन वर्षांच्या नवख्याला जवळपास सारखाच पगार, असं माझ्यावरून दिसत होतं.

व्यवस्थापक साहेबांची कळी खुलली. "अनुभवाने फरकच पडत नाही ना? मग दर वर्षीची पगारवाढ कशाला? सोमवारच्या बैठकीत बंदच करून टाकू."

मला लाज वाटली, रागही आला. माझं नाव पुढे करून साहेब इतक्या घरांच्या तोंडचा घास काढायला निघाले होते.

एक ठिपका मात्र भलताच वर होता. अनुभव तीन वर्षं, पगार सर्वांत जास्त. "चुकून पडला असेल," म्हणत मुलीने खोडरबर उचललं. मग काय वाटलं कोण जाणे, मला हातात घेऊन ती थेट शिलाई विभागात गेली.

"तीन वर्षं?" कॉलर लावणाऱ्या मावशींनी मशीन थांबवलं. "अगं पोरी, बावीस झाली! दोन बाळंतपणं, मग सासूबाईंचं आजारपण. दर वेळी परत आले की नवा नंबर, नवी तारीख."

"आणि पगार?"

"तो जुनाच मागून घेतला. हात काय नवे होते?"

रजिस्टरात शेवटची रुजू झाल्याची तारीख तेवढी होती. अशा एकसष्ट बायका निघाल्या. मुलगी तीन दिवस एकेका मशीनपाशी जाऊन खरी वर्षं लिहीत राहिली. ठिपके उजवीकडे सरकले. तिने मला पुसलं, पुन्हा काढलं. या वेळी मी चढले, चांगली चढले.

सोमवारच्या बैठकीला मुलगी मावशींना सोबत घेऊन गेली. साहेब म्हणाले, "या बायका वगळा. रजिस्टर तसं म्हणत नाही."

"नाही वगळणार." मुलीने कागद सोडला नाही.

मावशींनी खुर्ची ओढली. "मग रजिस्टरच आणा साहेब. दुरुस्त होईपर्यंत मी हलत नाही."

बातमी शिलाई विभागात पोचली आणि मावशींमागोमाग साठ मशिनं थांबली. दुपारी रजिस्टर आलं, तारखा बदलल्या, पगारवाढ टिकली.

आता मी शिलाई विभागाच्या भिंतीवर असते. जो तो बोट ठेवून आपला ठिपका शोधतो, त्यामुळे पार मळले आहे. तुम्ही कधी माझ्यासारखी रेषा काढाल, तर एवढं करा: जो ठिपका कुठेच बसत नाही, त्याला खोडण्याआधी त्याच्या माणसाला भेटून या. मला खुशाल पुसा. मी पुन्हा उभी राहीन.