कोयऱ्यांची राखाडी

सिद्रामप्पांनी चाळीस वर्षं सोलापुरात चादरींचं सूत रंगवलं. रंग फसला म्हणून त्यांचं सूत कुणी नाकारलं, असं कधी झालं नव्हतं. ते गेल्या महिन्यात झालं.

नव्या चादरीची अर्धी जमीन डाळिंबी होती, अर्धी हिरवी, आणि दोन्हींवर राखाडी कोयऱ्या. पहिला नमुना मागावरून उतरला तसे कारखान्याचे मालक कुमारशेठ आठ्या घालून बघत राहिले. डाळिंबीवरच्या कोयऱ्या हिरवट दिसत होत्या, हिरव्यावरच्या तांबूस.

"अप्पा, नजर अधू झाली का तुमची?" ते म्हणाले. पुढचं सूत दुसरीकडून रंगवून घ्यायची भाषाही त्यांनी केली.

बॉबिन भरणाऱ्या महानंदानं सगळं सूत एकाच रंगणीचं असल्याचं शपथेवर सांगितलं. अप्पांनी दोन्हीकडच्या कोयऱ्यांतला एकेक धागा सुईनं उसवला आणि पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवला. रंग एकच होता. शेठनी ते मान्य केलं, चादरीकडे मान वळवली आणि त्यांना पुन्हा दोन रंग दिसले. खरं म्हणजे अप्पांनाही दोनच दिसले.

"धाग्याची चूक न्हाय, शेठ. शेजार त्याला बदलतोय."

"गिऱ्हाईक काय धागा उसवून बघणार आहे?"

अप्पा पुन्हा रंगाच्या टाकीकडे वळले. कालचा रंग आज जसाच्या तसा उतरवायचा, यातच त्यांचं आयुष्य गेलं होतं. आता एका राखाडीच्या मुद्दाम दोन करायच्या होत्या. डाळिंबीवर जाणाऱ्या राखाडीला त्यांनी तांबड्याची किंचित झाक दिली, हिरव्यावर जाणारीला हिरव्याची. पहिल्यांदा झाक जास्त झाली, दुसऱ्यांदा कमी पडली. तिसऱ्या नमुन्यात सगळ्या कोयऱ्या एका रंगाच्या दिसल्या.

"आता कसं एक झालं," कुमारशेठ खुशीत म्हणाले. "म्हणजे आधी चुकलंच होतं की, अप्पा."

महानंदा काही बोलणार, तेवढ्यात अप्पांनी तिला हातानं थांबवलं. काम त्यांच्याकडेच राहिलं होतं. शेठ गेल्यावर त्यांनी तिला दोन्ही राखाड्यांच्या बॉबिना वेगवेगळ्या खोक्यांत भरायला सांगितल्या.

"एका जागी ठिवू नगंस, महानंदा. बघणारा म्हणंल, अप्पाला आता रंग जमंना झालाय."