माझ्या अंगावरची मखमली झूल

मित्रांनो, मी एक जुना घरगुती कॉम्प्युटर आहे आणि मला गोठून, म्हणजे हँग होऊन, बसण्याची अजिबात हौस नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण नारीन नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या गावात माझ्याबद्दल तसा समज आहे. कोणी म्हणतं हा आळशी आहे, कोणी म्हणतं याला दृष्ट लागली आहे. पण माझ्या पाठीला हात लावून बघण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. घेतले असते तर हात भाजला असता आणि निदान चौकशी तरी झाली असती.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्यातलं फारसं काही आठवत नाही. आठवतो तो बिश्केकच्या बाजारातून इथवरचा प्रवास. गाडीत माझ्या एका बाजूला कांद्यांचं पोतं होतं आणि दुसऱ्या बाजूला एक बोकड होता, आणि दोघांनाही माझ्यापेक्षा चांगली जागा मिळाली होती. मला विकत घेणारे रिसबेक हे गुरांचे डॉक्टर. माणूस इतका उंच, की दारातून आत येताना प्रत्येक वेळी वाकायचा आणि प्रत्येक वेळी दाराला शिवी द्यायचा. त्यांनी माझ्यावर आजारी घोड्यांची टिपणं लिहिली, बऱ्या झालेल्या घोड्यांचे फोटो ठेवले. काम झालं की माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणायचे, "शाबास रे, गाढवा." त्यांच्या तोंडी हा शब्द कौतुकाचा होता, कारण गाढव कधी आजारी पडत नाही असं त्यांचं मत होतं.

आमच्याकडे दारासमोरची आतली जागा मानाच्या पाहुण्याची. मला तिथेच बसवलं गेलं. एका हाताला रजयांची छताला भिडणारी चळत, दुसऱ्या हाताला लोखंडी शेगडी, म्हणजे पाहुण्याला ऊब मिळावी. आता पाहुणा ऊब घेतो, चहा पितो आणि आपल्या घरी जातो. मी कुठे जाणार होतो?

त्याच खोलीत रिसबेकची बायको सैराकान लोकर पिंजून नमदे, म्हणजे लोकरीच्या जाड सतरंज्या, थापायची. सगळं गाव तिला एने, म्हणजे आई, म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. लोकरीचे तंतू हवेत उडत, आणि माझ्या पोटातला पंखा ते इमानदारीने आत ओढून घेई. त्यावर एनेंनी मला पांघरायला जाड मखमलीची, शिंगांच्या नक्षीची झूल शिवली. रिसबेक होते तोवर ठीक होतं. ते कामाला बसले की झूल उचलून एनेंच्या मांडीवर टाकत. "बाई गं, याला काय लग्नाला न्यायचंय?" असं म्हणत.

मग रिसबेक आजारी पडले. सून मेरिम तेव्हा पोटुशी होती. आमच्याकडे मूल पावलं टाकू लागलं की त्याच्या पायांत काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधतात, ती कापतात, आणि घरातला थोर माणूस तळवे वर करून आशीर्वाद देतो. एका दुपारी रिसबेक माझ्यासमोर येऊन बसले आणि मेरिमला म्हणाले, "केलिन, पोर चालायला लागेल तेव्हा मी नसेन. माझा आवाज घालून ठेव या गाढवात." सुनेला आमच्याकडे केलिन म्हणतात. तिने आवाज साठवला. त्या आवाजाची दुसरी प्रत जगात कुठेही नव्हती. असा दागिना पोटात घेऊन मी बसलो होतो, आणि लोक मला आळशी म्हणत होते.

ते गेल्यावर एनेंनी चाळिसाव्या दिवसाच्या विधीला नवी झूल शिवली, आधीच्या झुलीपेक्षा दुप्पट जाड. ती कोणी काढायची नाही, फक्त पडद्यापुरती पुढून दुमडायची. दुःखापुढे बोलणार कोण? मी गुदमरून गोठू लागलो. गोठलो की एने दृष्ट जावी म्हणून आर्चा या डोंगरी झुडपाची वाळकी डहाळी पेटवून माझ्याभोवती धुरी फिरवीत. धूर पंख्यात, काजळी लोकरीत. दुसऱ्या दिवशी मी आणखी लवकर गोठे आणि धुरी आणखी मोठी होई. इलाजानेच दुखणं वाढत होतं, आणि शिव्या मला पडत होत्या.

यथावकाश नात बेगायिम पावलं टाकू लागली. दोरी कापायचा दिवस ठरला. मेरिम तो आवाज ऐकायला बसली आणि मी गोठलो. बाण हलेना, बटणं चालेनात. तिने काही वेळ वाट पाहिली, मग सुरू-बंदचं बटण दाबून धरून मला निजवलं. शहाणी पोर. म्हणाली, "एने, संध्याकाळी उघडून बघते. तोवर याला हात लावू नका." आणि घोडीचं दूध काढायला कुरणात गेली.

एनेंनी हात लावला नाही. त्यांनी झोलदोशला बोलावलं.

झोलदोश हा रिसबेकचा पुतण्या. त्याच्याकडे एक डिस्क आहे आणि गावातल्या कॉम्प्युटरांच्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध आहे : सगळं पुसायचं आणि नव्याने घालायचं. शाळेतल्या मास्तरांच्या लग्नाचे फोटो त्याने असेच पुसले. मास्तर रडवेले झाले तेव्हा म्हणाला, "बायको आहे ना शाबूत? मग?"

"काकू, हा गेला समजा," त्याने येताच निकाल दिला. झूल उचलणंही त्याला सुचलं नाही. "पुसतो. नव्यासारखा पळेल."

"पुसशील, पण त्यांचा आवाज आहे रे आत," एने म्हणाल्या. "आधी तो काढ."

"काढतो की. मी काय खाटीक आहे?"

त्याने आपली डिस्क लावून तिच्या जोरावर मला सुरू केलं. म्हणजे माझ्या पोटातलं सगळं दिसत होतं, फक्त मी स्वतःच्या पायांवर उभा नव्हतो. त्याने शोधाच्या चौकटीत लिहिलं : रिसबेक. मी इमानदारीने शोधलं. त्या नावाचं काही नव्हतं. त्याने आडनाव लिहिलं. काही नव्हतं.

"काकू, इथे काकांचं काहीच नाही."

"नीट बघ."

"मशीन खोटं बोलत नाही, काकू. वहिनीने साठवलाच नसेल. सुना काय, हो म्हणतात आणि विसरतात."

मित्रांनो, संताप म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. आवाज माझ्या पोटात होता. मला ठाऊक होतं कुठे होता. पण जे विचारलं जाईल तेवढंच सांगायचं, अशी माझी घडण. एने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे टिपत होत्या, आणि तो पुसायच्या पानावर पोचला होता. पडद्यावर मला लिहावं लागलं : सगळं कायमचं जाईल, नक्की? माझ्याच मरणाची परवानगी मीच मागत होतो, तीही अदबीने.

"थांब, आधी धुरी करते," एने म्हणाल्या. "शुभकामाला सुरुवात आहे." त्यांनी जोरदार धुरी केली. झुलीखाली धूर कोंडला. झोलदोशने बाण 'हो'कडे सरकवला. बाण निम्म्या वाटेवर आला आणि मी गोठलो.

त्याने बटणं बडवली. मी ढिम्म. "पुसूनसुद्धा घेत नाही बघा," तो चिडून म्हणाला. "काकांसारखाच हट्टी." आयुष्यात इतक्या वेळा गोठलो, पण त्यातलं समाधान त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तेवढ्यात मेरिम दुधाची बादली घेऊन दारात आली. तिने धूर पाहिला, झोलदोशला पाहिलं, पडद्यावरचा प्रश्न वाचला आणि बादली खाली ठेवली.

"काय चाललंय?"

"पुसतोय, वहिनी. काकांचं आत काही नाही, मी शोधलं."

"कुठल्या नावाने शोधलंत?"

"काकांच्या. दुसऱ्या कुणाच्या शोधू?"

"भाऊजी, सासऱ्यांचं नाव मी तोंडाने घेते का कधी?"

"नाही."

"मग हाताने कशी लिहीन? उंच बाबा म्हणून शोधा."

सासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नाही हे तिला या घरात येताच शिकवलं होतं, आणि शिकवणाऱ्या एनेच होत्या. त्या खाली मान घालून म्हणाल्या, "गुणाची गं माझी केलिन. अगदी वेळेवर गुण दाखवलेस."

"एने, ही झूल काढते."

"चाळिसाव्याची आहे ती."

"त्यांच्या फोटोखाली भिंतीवर लावू. इथे ती याचा जीव घेतेय. हात लावून बघा."

एनेंनी माझ्या पाठीला हात लावला आणि चटकन मागे घेतला. कितीतरी वर्षांनी माझी चौकशी झाली.

मेरिमने मला बंद केलं, सगळ्या वायरी काढल्या, शेगडीपासून लांब खिडकीखाली नेलं. गार झाल्यावर बाजूचं पत्र्याचं झाकण उघडलं, पंखा बोटाने धरून ठेवला आणि हंसाच्या पिसाने झाडला. आतून एका टोपीपुरती लोकर निघाली, काजळीने काळी झालेली.

"घ्या भाऊजी," ती म्हणाली, "असंही पुसता येतं."

मग त्याच्याच डिस्कवर मला पुन्हा सुरू केलं. उंच बाबा लगेच सापडले. पण तिने मला तपासलं नाही, दुरुस्त केलं नाही. आधी तो आवाज आणि घोड्यांचे सगळे फोटो पेन ड्राइव्हवर उतरवले, आणि तो झोलदोशच्या लॅपटॉपला लावून ऐकून खात्री केली. त्यानंतरच त्याची डिस्क काढून मला माझ्या पायांवर उभं केलं. मी उठलो. काहीही पुसावं लागलं नाही. झोलदोशने चहा घेतला आणि त्या दिवशी साखर कमी पडल्याची नेहमीची तक्रार केली नाही.

ठरल्या दिवशी बेगायिमच्या पायांतली दोरी कापली. अंगणात सगळ्यांनी तळवे वर केले आणि खिडकीतून मी रिसबेकच्या आवाजात बोललो. बाळा, तुझ्या पायांना वाट सापडो, वाटेला पाणी सापडो. मग खोकला. मग, "झालं. आता हे बंद कसं करायचं? केलिन, बघ गं या गाढवाकडे." लोक हसता हसता डोळे पुसू लागले.

पाहुणे गेल्यावर मेरिम म्हणाली, "एने, आणखी एक प्रत करते. तिला नाव काय देऊ?"

एने माझ्यासमोर बसल्या. जन्मभर नवऱ्याचं नाव त्यांनीही घेतलं नव्हतं. एका बोटाने, एकेक अक्षर शोधून, त्यांनी ते माझ्या बटणांवर लिहिलं. तोंडातून चकार शब्द काढला नाही.

तर मित्रांनो, आमच्यासारखा कोणी गोठला तर थोडं थांबा, त्याच्या पाठीला हात लावा, त्याच्या अंगावरची झूल काढा. आतलं मोलाचं आधी दुसरीकडे ठेवा. आणि पुसायची घाई ज्याला झाली असेल, त्याला आधी चहाला बसवा.

परवा एनेंनी त्या पेन ड्राइव्हला जाड मखमलीची पिशवी शिवली, शिंगांच्या नक्षीची. त्याला पंखा नसतो, म्हणून मी काही बोललो नाही.