खोटा वाढदिवस

लिफ्ट दुरुस्त करणारा तो ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी हॉटेलात येऊन बसला होता. संसारभर बायकोला ताटकळत ठेवलेल्या माणसाने आज हा पराक्रम केला होता, आणि त्याचं कौतुक करायला समोर कोणी नव्हतं. दोनदा टेबल बदलून झालं. पहिलं स्वयंपाकघराच्या दाराशी होतं, तिथे भांड्यांचा खडखडाट. दुसऱ्यावर एसीचा झोत थेट येत होता आणि तिला तो सोसत नाही. तिसरं कोपऱ्यातलं मिळालं, पिवळ्याधमक भिंतीला टेकून. भिंतीवर हिरवं निवडुंग रंगवलेलं, समोर बारच्या फळीवर टकिलाच्या बाटल्यांची रांग. संध्याकाळ नुकतीच सुरू झाली होती, अजून गर्दी नव्हती.

मेक्सिकन जेवणातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. हे ठिकाण त्याने निवडलं ते दारावरच्या पाटीमुळे. वाढदिवस असेल त्याला मोठी टोपी, गाणं, गोड पदार्थ आणि टकिलाचा एक ग्लास, सगळं हॉटेलकडून, वर फोटो काढून भिंतीवर. पाटी वाचली आणि त्याच्या जीवात जीव आला.

लग्नाच्या आधीपासून दोघांचा एक खेळ होता. काढला होता तिनेच. कुठेही जेवायला गेले की ती वेटरला हळूच सांगायची, आज यांचा वाढदिवस आहे हं. कधी त्याचा, कधी स्वतःचा. मग केकचा तुकडा यायचा, मेणबत्ती यायची, अनोळखी माणसं टाळ्या वाजवायची, आणि ही दोघं टेबलाखाली एकमेकांचे हात दाबून हसू आवरायची. एकेका वर्षात त्याचं वय चार-चार वर्षांनी वाढत होतं. पुढे कधीतरी तो खेळ बंद पडला. कसा, ते त्याला आठवत नव्हतं.

उन्हाळ्यापासून ती तिच्या ताईकडे राहत होती. भांडण नाही, आदळआपट नाही. एक बॅग भरली, "मला थोडे दिवस राहू दे," म्हणाली आणि गेली. थोड्या दिवसांचे महिने झाले. ताई फोनवर गोड बोलायची आणि काही सांगायची नाही. काल शेवटी तिचा स्वतःचा फोन आला. "भेटूया. बोलायचंय."

बंद पडलेल्या लिफ्टमधल्या माणसांना तो रोज फोनवरून बजावायचा, घाबरू नका, सगळी बटणं दाबत सुटू नका, मी येतोय. आज हा शहाणा स्वतःच सगळी बटणं दाबायला निघाला होता. नवा शर्ट घातला होता. मिशी काढून टाकली होती, कारण ती टोचते असं तिने एके काळी म्हटलं होतं. आणि आल्या आल्या वेट्रेसला बाजूला घेऊन सांगून ठेवलं होतं, "आमच्या बाईसाहेबांचा आज वाढदिवस. जेवण झालं की आणा सगळं. त्यांना मात्र पत्ता लागू देऊ नका." तिला आज घरी न्यायचं होतं. बाकी काही त्याला सुचतच नव्हतं.

ती वेळेवर आली. बालवाडीतून थेट आली असावी, बाहीला निळा रंग लागला होता.

"मिशी कुठे गेली?"

"काढली."

"बरं दिसतंय," ती म्हणाली. शेजाऱ्यांचा नवा सोफा बघून म्हणतात ना, तशी.

"आवडली ना जागा? फोनवर तू म्हणालीस, दुसरीकडे जाऊ या का. मला वाटलं तुला तिखट नको असेल."

"तसं नाही. चालेल की."

मेनूवर त्याची दमछाक होऊ लागली तेव्हा तिनेच पटापट सांगून टाकलं. टाको, वर भाजलेला मका, साल्साची चटणी वेगळी. हुशारी दाखवायची म्हणून त्याने दोन टकिला मागवल्या. तिने मनगटाशी चिमूटभर मीठ घेतलं, चाटलं, ग्लास एका दमात रिकामा केला आणि लिंबाची फोड चावली. भुवईसुद्धा वाकडी झाली नाही. त्याला मात्र ठसका लागला तो थांबेचना.

"हे कुठे शिकलीस?" डोळे पुसत त्याने विचारलं.

"शिकले." तिने पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला.

टाकोची ती दुमडलेली मक्याची पोळी खायचं त्याला जमत नव्हतं. एका बाजूने चावलं की दुसऱ्या बाजूने सगळं ताटात. एरवी ती यावर पोट धरून हसली असती. आज तिने मुकाट्याने कागदी रुमाल पुढे केला. चेष्टा करणंही सोडलं म्हणजे मामला हाताबाहेर गेला.

"मी घर बघितलंय," ती म्हणाली. "बालवाडीजवळ. एकच खोली आहे, पण खिडकी मोठी आहे. पुढच्या आठवड्यात जातेय."

"ताईकडे कंटाळलीस तर आपल्या घरी ये ना. वेगळी खोली कशाला?"

"मी परत येणार नाहीये रे. तेच सांगायला आले."

मग त्याने जे सुरू केलं ते काही विचारू नका. रात्रीच्या ड्युट्या बंद करतो म्हणाला. जेवताना फोन घेणार नाही म्हणाला. घराला तुला हवा तो रंग देऊ, बाहेर फिरायला जाऊ, तू म्हणशील तिथे. ती ऐकत होती, तो जास्तच बोलत होता. स्वतःचाच आवाज त्याला केविलवाणा वाटत होता आणि थांबायची भीती वाटत होती, कारण थांबलं की ती बोलणार.

शेवटी दुसरं काही उरलं नाही तेव्हा त्याने विचारलं, "कोण आहे?"

"कोण म्हणजे?"

"कोणीतरी असेलच ना. उगाच कोणी घर सोडतं का?"

"कोणी नाही."

"खरं सांग. मी चिडणार नाही."

"कोणी असतं तर तुला बरं वाटलं असतं का?" तिने शांतपणे विचारलं.

वाटलं असतं. अगदी खरं सांगायचं तर तो महिनोन्‌महिने त्या माणसाशी मनातल्या मनात भांडत होता. त्याला धड चेहराही दिला होता, दाढीवाला, गोडबोल्या. त्याला हरवलं की झालं, अशी त्याची समजूत होती.

"तू वाईट नाहीस," ती म्हणाली. "मारलं नाहीस, उपाशी ठेवलं नाहीस. पण तुझ्याजवळ बसून मी हसायचं विसरले. तुझ्या साहेबांच्या पार्टीला गेलो होतो, आठवतं? मी वेटरला सांगितलं होतं, तुझा वाढदिवस आहे म्हणून. केक आला. तू सगळ्यांदेखत म्हणालास, हिला खोटं बोलायची सवय आहे, घेऊन जा हे परत."

त्याला आठवलं. साहेब हसले होते, तोही हसला होता, आणि तिने मान खाली घालून भात चिवडला होता.

"त्या दिवशी काही तुटलं असं नाही," ती म्हणाली. "पण नंतर मी तो खेळ तुझ्याशी कधी खेळले नाही, आणि ते तुझ्या लक्षातही आलं नाही."

आत त्या गोड पदार्थावर एव्हाना मेणबत्ती खोचली जात असेल. "हात धुऊन येतो," म्हणत तो धडपडत उठला.

वेट्रेसला गाठायला स्वयंपाकघराकडे जाताना वॉशबेसिन लागत होतं, आणि त्याच्या बाजूच्या भिंतीवर वाढदिवसाचे फोटो. टोप्यांखाली हसणारी माणसं. तो बघणारही नव्हता. पण निळ्या फुलांचा एक कुडता ओळखीचा दिसला.

ती होती. डोक्यावर भलीमोठी टोपी, हातात रिकामा ग्लास, आणि डोळे मिटेपर्यंत हसत होती. असं हसू त्याने किती वर्षांत पाहिलं नव्हतं. तिचा खरा वाढदिवस थंडीत असतो. या फोटोत तिच्या कपाळावर उन्हाळ्याचा घाम होता.

आता सापडला तो दाढीवाला, असं त्याला वाटलं. त्याने नाक फोटोला टेकवलं. कुठेतरी त्याचा खांदा असेल, एखादं कोपर, मनगटावरचं घड्याळ. त्याने कोपरे तपासले. टेबलावर एक ताट होतं. एक पाण्याचा ग्लास. समोरची खुर्ची टेबलाखाली सरळ सरकवलेली.

वेट्रेस ताटली घेऊन बाहेर आली. त्याने बोट दाखवलं. "या बाईंबरोबर कोण होतं?"

"या? या एकट्याच होत्या. काय धमाल बाई! आम्हालाच गाणं म्हणायला लावलं दोनदा." मग तिने कोपऱ्यातल्या टेबलाकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं. "अय्या, तुमच्या मॅडम याच की! पण मग वाढदिवस..."

"थांबवा हो," तो म्हणाला. "पाया पडतो, ते गाणं थांबवा."

पण तोवर बारवरच्या पोऱ्याने घंटा बडवली होती. आतून चार-पाच जण टोपी, डफली आणि टकिला घेऊन बेसूर गात निघालेसुद्धा. टेबलाशी बसलेल्या तिने मान वर केली. एवढ्या लांबूनही तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला त्याला दिसला. तो धावला. एका खुर्चीला अडखळला, टोपी तिच्या डोक्यावर टेकणार तेवढ्यात हिसकावून घेतली आणि स्वतःच्या डोक्यात घातली.

"माझा आहे," तो ओरडला. "वाढदिवस माझा आहे!"

सगळे टाळ्या वाजवू लागले. टोपी कानांवर उतरली. त्याने ग्लास तोंडाला लावला, या वेळी ठसका गिळला, पण डोळ्यांतून पाणी आलंच. लोकांना वाटलं टकिला. ती त्याच्याकडे बघत होती, आणि हळूहळू तीही टाळ्या वाजवू लागली. ओठांच्या कोपऱ्यात जरासं हसू होतं. ते बघून त्या वेड्याचं मन पुन्हा उचल खाऊ लागलं.

"चल ना घरी," टाळ्यांच्या आवाजात तो पुटपुटला.

तिने नुसती मान हलवली. नाही.

"मॅडम, सरकून बसा ना जवळ," वेट्रेस कॅमेरा काढत म्हणाली. "दोघांचा छान येईल."

ती उठली. खुर्ची मागे ओढली आणि वेट्रेसच्या हातातून अलगद कॅमेरा घेतला. "मी काढते," ती म्हणाली. मग त्याला, अगदी जुन्या आवाजात, "टोपी जरा वर कर. डोळे दिसू देत."

त्याने टोपी वर केली. फ्लॅश चमकला. तिने कॅमेरा परत दिला, बॅग खांद्याला लावली, त्याच्या दंडावर क्षणभर हात ठेवला आणि गेली.

कॅमेऱ्यातून निघालेला पांढरा कागद वेट्रेसने त्याच्यापुढे ठेवला. फोटो सावकाश उमटत गेला. आधी टोपी, मग मिशीशिवायचं त्याचं तोंड. त्याच्यासमोर दुसरं ताट होतं, अर्धा टाको तसाच, चावलेली लिंबाची फोड, आणि मागे ओढलेली खुर्ची.

"कुठे लावू?" वेट्रेसने विचारलं. "मॅडमच्या शेजारी जागा आहे."

"नको," तो म्हणाला. "तिचा एकटीचाच राहू दे."