माझा ब्रेक घासत नव्हता

श्यामलाताई गेल्या हे मला कळलं तेव्हा मी व्हिएतनाममधल्या एका हॉस्पिटलच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली उभी होते. दुपारचे दोन वाजले असतील. त्यांच्या मैत्रीण शकूताई बाहेर आल्या आणि माझ्या हँडलला अडकवलेलं श्यामलाताईंचं हेल्मेट काढायला लागल्या. त्याचा पट्टा त्यांना सुटेना. बराच वेळ त्या त्या पट्ट्याशी झटत राहिल्या आणि मग तिथेच फरशीवर बसल्या. सुनीतीताई बाहेर आल्या नाहीत. त्या आतून पुण्याला फोन लावत होत्या.

मित्रांनो, मी सायकल आहे. निळ्या रंगाची, विश्रांतवाडीची, अकरा वर्षं वापरलेली. माझ्यासारख्या वस्तू आपली गोष्ट सांगतात तेव्हा शेवटी विनंती करतात, की आम्हाला तेल घाला, पावसात ठेवू नका, गंजू देऊ नका. माझं तसं काही मागणं नाही. माझ्या तेलपाण्यात कधी कमी पडलं नाही. मला राग आलेला आहे आणि तो कशाचा, ते सांगायचं आहे.

माझी फ्रेम लुधियानाला तयार झाली. खोक्यात बसून मी पुण्याला आले आणि आळंदी रोडवरच्या एका दुकानात चार महिने उलटी टांगलेली होते. श्यामलाताई वाघोलीच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट होत्या. डॉक्टरांनी शुगर काठावर आली आहे म्हणून सांगितलं, त्याच संध्याकाळी त्या नवऱ्याला घेऊन दुकानात आल्या. नवरा म्हणजे गोपाळकृष्ण. कारखान्यात टूलरूमला फिटर होते. त्यांनी मला खाली उतरवायला लावलं, चाकं फिरवून पाहिली, बेअरिंगला कान लावला आणि दुकानदाराला म्हणाले, "मागचं चाक एक केसभर लंगडतंय. तुम्हाला दिसत नसेल, पण मला दिसतंय."

"काका, ती फॅक्टरी सेटिंग आहे."

"मग फॅक्टरीला चष्मा पाठवा."

घरी आल्यावर त्यांनी ते चाक स्वतः सरळ केलं. तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी मी बाल्कनीत उलटी व्हायची. चेन पुसली जायची, ब्रेकचे रबर पाहिले जायचे, एकेका नटाला पाना लागायचा. सगळ्या सोसायटीत माझ्याइतकी कुणाची बडदास्त नव्हती. श्यामलाताई म्हणायच्या, "माझ्याकडे इतकं बघितलं असतंत तर." ते म्हणायचे, "तू कुठे कुरकुरतेस?" दोघं हसायचे. मीही तेव्हा ते कौतुकच समजत होते.

रविवारी त्यांच्या दोन मैत्रिणी बरोबर असायच्या. सुनीतीताई बँकेतून निवृत्त झालेल्या, मोजकं आणि टोचेल असं बोलणाऱ्या. शकूताईंचं ब्लाऊज शिवायचं दुकान होतं. तिघी आधी तुळापूरला जायच्या, मग सासवडला, मग वाईपर्यंत जायला लागल्या. लांब जायचं असलं की मागे सामानाचा टेम्पो असायचा. चार वर्षांपूर्वी पसरणीच्या घाटात शकूताईंना चढ झेपेना आणि त्या टेम्पोत बसल्या. वर पोचल्यावर सुनीतीताईंनी चहाच्या टपरीसमोर त्यांचा सत्कार केला. शाल म्हणून टेम्पोतला सतरंजीचा तुकडा, आणि टपरीवाल्याकडून मागून घेतलेला नारळ. परत आल्यावर गोपाळकृष्णांना हे इतकं आवडलं, की त्यांनी सुवाच्य अक्षरात मानपत्रच लिहून दिलं. 'चढाला न जुमानता आपण ज्या निर्धाराने टेम्पोत बसलात, त्याबद्दल हे मंडळ आपले ऋणी आहे.' खाली नावाची जागा मोकळी सोडली. पुढच्यांसाठी.

शकूताई पोट धरून हसल्या. पण त्यानंतर टेम्पोत कुणी बसलं नाही. दिवे घाटात एकदा शकूताई अंगात ताप असताना चढल्या, वर जाऊन ओकल्या, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हाच कुणीतरी ते मानपत्र फाडायला हवं होतं. कुणी फाडलं नाही. उलट गोपाळकृष्णांनी ते लॅमिनेट करून आणलं.

श्यामलाताई निवृत्त झाल्या तेव्हा तिघींनी व्हिएतनाम ठरवलं. हनोईपासून हो चि मिन्हपर्यंत, सतराशे किलोमीटर, तेवीस दिवस, बरोबर सामानाची गाडी. गोपाळकृष्णांच्या गुडघ्यांनी सायकल कधीच सोडली होती, म्हणून ते घरी राहणार होते. निघायच्या आधी महिनाभर त्यांनी मला पूर्ण खोललं. नवी चेन, नव्या केबल्स, नवे ब्रेक. श्यामलाताईंनी मात्र स्वतःची तपासणी 'आल्यावर करू' म्हणून पुढे ढकलली. त्यांना कुणी विचारलंही नाही. माझ्या तपासणीची यादी फ्रिजवर चिकटवलेली होती, तीस कलमांची.

पहिला दिवस छान गेला, ते नाही म्हणत नाही. तिकडे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. हनोईतून बाहेर पडताना तिघी पहिल्याच चौकात डाव्या बाजूला घुसल्या आणि समोरून स्कूटरींचा पूर आला.

"सुनीती, तू पुढे आहेस, तू ठरव," श्यामलाताई ओरडल्या.

"मी ठरवलंय. हे लोक चुकताहेत," सुनीतीताई म्हणाल्या.

त्यावर दोन किलोमीटर हसणं चाललं. दोन्हीकडे भातशेती होती, रस्ता सपाट होता, मी हलकी पळत होते. वाटेत उसाचा रस मिळाला तेव्हा शकूताईंना स्वारगेटची आठवण झाली. संध्याकाळी निन्ह बिन्हला पोचलो.

दुसऱ्या दिवशी मला कळलं. सायकलला बाकी काही कळत नसेल, पण वजन कळतं. श्यामलाताई नेहमी हँडलवर हात नुसते ठेवायच्या. त्या दिवशी त्या हँडलवर रेलत होत्या. डावा हात मधूनच सुटायचा. चढ नव्हता, वारा नव्हता, अंतरही साठच किलोमीटर होतं, आणि पाय असे पडत होते जणू पसरणीचा घाट चाललाय.

थान्ह होआच्या मुक्कामी लॉजच्या व्हरांड्यात त्यांनी मला भिंतीला टेकवलं, फडकं घेतलं आणि माझी चेन पुसता पुसता घरी फोन लावला. फोन स्पीकरवर टाकून माझ्या सीटवर ठेवला होता. मी शब्द न् शब्द ऐकला.

"अहो, जेवलात?"

"मुगाची खिचडी. तू काय खाल्लंस, बेडूक?"

"गप्प बसा. अहो, आज दम लागत होता फार. रस्ता सपाट आहे तरी. डावा खांदापण भरून आलाय."

"सीट खाली सरकली असेल. दोन सूत वर घे."

"सीट बघितली मी."

"मग मागचा ब्रेक घासत असेल. विमानात खोकं आपटतात ते लोक. चाक उचलून फिरवून बघ."

श्यामलाताईंनी माझं मागचं चाक उचललं आणि फिरवलं. ते भिरभिरत राहिलं. थांबायला किती वेळ लागला ते त्यांनी पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "नसेल घासत."

"घासत असणार. नाहीतर मग सरळ गाडीत बस. मानपत्राचा फोटो आहे माझ्याकडे, नाव घालून लगेच पाठवतो."

त्या हसल्या. "नको. सुनीतीला काही बोलू नका हं. उगाच शाल काढेल ती बॅगेतून."

"नाही बोलत. झोप नीट."

एवढंच बोलणं झालं. दोघांच्या आवाजात माया होती. म्हणून तर मला जास्त राग येतो.

मित्रांनो, माझा ब्रेक घासत नव्हता. घासत असता तर किती बरं झालं असतं. मला तोंड असतं तर मी त्या व्हरांड्यात ओरडले असते, की मी ठणठणीत आहे, तुम्ही माझ्याकडे बघू नका, हिच्याकडे बघा. चाळीस वर्षं ज्या माणसाने यंत्राचा आवाज ऐकून बिघाड सांगितला, त्याला बायकोचा आवाज ऐकून यंत्राचाच बिघाड दिसला.

तिसऱ्या दिवशी विन्हच्या वाटेवर ऊन फार होतं. अकराच्या सुमाराला श्यामलाताई मागे पडल्या. शकूताई थांबल्या आणि त्यांना बरोबर घेऊन चालल्या.

"श्यामे, पांढरी पडलीयेस. बसतेस का गाडीत?"

"शाल कुठली आणलीय सुनीतीने?"

"पैठणीच्या काठाची. मीच शिवून दिलीय."

"मग नको. मला काठ आवडत नाहीत."

शकूताई हसल्या आणि पुढे गेल्या. सामानाच्या गाडीचा ड्रायव्हर आमच्याजवळून हळू जात होता. त्याला ना मराठी येत होती, ना आमच्या सत्काराची भानगड माहीत होती. त्याने काच खाली केली, दार उघडलं आणि हाताने आत बसायची खूण केली. श्यामलाताईंनी मान हलवली. त्याने पुन्हा खूण केली. त्यांनी पुन्हा मान हलवली आणि त्याला पुढे जायला सांगितलं. त्या सगळ्या प्रवासात एकट्या त्या परक्या माणसाला दिसलं, कारण त्याला विनोद माहीत नव्हता.

त्यानंतर चार किलोमीटर मी त्यांना नेलं. मग त्या एका बंद दुकानाच्या सावलीत उतरल्या. मला स्टँडवर लावलं, मी पडणार नाही ना हे हलवून पाहिलं, आणि माझ्याशेजारी खाली बसल्या. नंतर आडव्या झाल्या.

ड्रायव्हरच मागे फिरून आला, मग शकूताई आणि सुनीतीताई आल्या. तिघांनी मिळून त्यांना गाडीत ठेवलं, मलाही मागे टाकलं. बाकीचं तुम्हाला सुरुवातीला सांगितलं आहे.

मी पुण्याला परत आले ती खोक्यात. तेरावं झाल्यावर पंधरा दिवसांनी गोपाळकृष्णांनी खोकं उघडलं. मला जोडलं, शनिवारसारखं उलटं केलं, आणि मागचं चाक फिरवून ब्रेकजवळ कान नेला. चाक फिरत राहिलं. ते थांबल्यावर त्यांनी पुन्हा फिरवलं. मग पुन्हा. काहीही घासत नव्हतं. पाना हातात धरून ते बाल्कनीत अंधार पडेपर्यंत बसले. मला वाटलं, आता हा माणूस खरं बोलेल.

दुसऱ्याच दिवशी सुनीतीताई आणि शकूताई श्यामलाताईंची बॅग घेऊन आल्या. गोपाळकृष्णांनी त्यांना बसाही म्हटलं नाही.

"तुमच्या नारळापायी गेली ती," ते म्हणाले. "शाल घेऊन गेलात ना बरोबर? पांघरलीत का तिला?"

शकूताई रडायला लागल्या. सुनीतीताई दारातच उभ्या होत्या. ज्यांना कुणी बोलण्यात हरवलं नव्हतं, त्या खाली बघून म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. पण भाऊजी, एकदा बोलली असती हो ती. कुणाशी एका शब्दाने बोलली नाही."

बाल्कनीचं दार उघडं होतं. मी गोपाळकृष्णांचा चेहरा बघत होते. त्यांनी बॅग आत ओढून दार लावून घेतलं.

याला सात महिने झाले. सुनीतीताईंनी सायकल देऊन टाकली. शकूताई त्यांच्याशी बोलत नाहीत, कारण शाल कुणाची कल्पना आणि काठ कुणी लावला यावरून दोघींचं फाटलं. दोघी रोज तेच उगाळत असतील, की ती आपल्याशी का बोलली नाही. ती बोलली होती. ज्याच्याशी बोलली तो माणूस इथे तिसऱ्या मजल्यावर दर शनिवारी माझी चेन पुसतो. ती चेन सात महिन्यांत एक इंचही रस्त्यावर गेलेली नाही.

मित्रांनो, सायकली टिकतात. आमचे सुटे भाग मिळतात. घरातलं माणूस म्हणालं की दम लागतोय, तर आधी हातातलं फडकं खाली ठेवा, त्याच्यासमोर बसा आणि विचारा, कधीपासून. विनोद नंतर करता येतो. आणि चूक झालीच, तर निदान ती दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकू नका.

सुनीतीताई विश्रांतवाडीतच राहतात, चालत दहा मिनिटांवर. थान्ह होआहून आलेल्या त्या फोनबद्दल गोपाळकृष्णांनी त्यांना अजून सांगितलेलं नाही.